उंचवट्यावरची दुसरी फेरी

पैज लागली ती लिफ्टमध्ये. अकराव्या मजल्यावर दार बंद झालं तेव्हा प्रबोध आणि शेजारचे अंकल ओंग उकाड्याबद्दल बोलत होते. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा एकाची मिशी आणि दुसऱ्याचे तीन केस पणाला लागलेले होते.

ते तीन केस साधेसुधे नव्हते. अंकल ओंगच्या हनुवटीवर एक तीळ होता आणि त्यातून बोटभर लांबीचे तीन पांढरे केस लोंबायचे. सव्वीस वर्षं त्यांना कात्री लागली नव्हती. सव्वीस वर्षं टॅक्सी चालवली, गाडीला ओरखडा नाही, तो सगळा या केसांचा गुण, असं अंकलचं म्हणणं. प्रबोधची मिशीही काही किरकोळ नव्हती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून पाळलेली, खोबरेल तेलावर पोसलेली, टोकाला वळवलेली. चांगी बिझनेस पार्कातल्या अख्ख्या बिल्डिंगीत त्याचं आडनाव कुणाला येत नव्हतं, पण ‘मिशीवाला मॅनेजर’ म्हटलं की सिक्युरिटीवालाही मजला सांगायचा.

"शनिवारी तुझ्या भावाची मॅच," अंकल ओंग म्हणाले. "सीझनची शेवटची. बघणार ना?"

"बघणार म्हणजे? सगळ्या ब्लॉकला दाखवणार! खाली व्हॉइड डेकमध्ये, बिल्डिंगच्या मोकळ्या तळमजल्यावर, पडदा लावतोय. टाउन काउन्सिलची परवानगी घेतलीय."

"भाऊ काय काम करतो, माहितेय ना?"

"बोलर लोकांचा मास्तर आहे."

"पिचर."

"तेच हो. हात तोच, बॉल वेगळा."

"वेइ-हान टाकणार म्हणे शनिवारी. बावीस वर्षांचा आहे." अंकलनी केस कुरवाळले. "टिकेल शेवटपर्यंत?"

इथे प्रबोधने सावध व्हायला हवं होतं. अंकलची बायको, देव तिला शांती देवो, तैवानातल्या हुआलिएनची. तिच्यापायी या माणसाने चाळीस वर्षं बेसबॉल बघितलेला. आणि प्रबोध पुण्याचा; चांगल्या बोलरने एकदा बॉल हातात घेतला की तो सोडायचा नाही, हे त्याच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं.

"माझ्या भावाने, धैर्यशीलने, तयार केलेला गडी आहे तो! पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत तोच टाकणार. मधेच कुणी त्याच्या हातातून बॉल काढून घेतला, तर ही मिशी उतरवीन. भर हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या सगळ्या स्टॉलांसमोर, रविवारी सकाळी, गर्दीच्या वेळी."

"कॅन, चालेल," अंकल तत्काळ म्हणाले. "टिकला तर माझे हे तीन केस कापायचे. त्याच जागी."

दार उघडलं. दोघांनी हात मिळवले. आपण या म्हाताऱ्याला कसा गंडवला, या आनंदात प्रबोध बस स्टॉपपर्यंत शीळ घालत गेला.

संध्याकाळी घरी आला तर घरात चकलीचा वास आणि बायकांचे चढे आवाज एकदमच नाकाकानात शिरले. दिवाळी तोंडावर आली होती. प्रणिता गॅसपाशी सोऱ्या दाबत उभी होती आणि त्याची बहीण विनीता सेम्बावांगहून बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन आली होती. डबा निमित्त होतं, हे प्रबोधने तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"दादा, बरं झालं आलास. आमच्या साहेबांनी बँकेतली खुर्ची सोमवारपर्यंत अडवून ठेवलीय. सोमवारी संध्याकाळी पाचला ती दुसऱ्याला जाणार."

"कसली खुर्ची?"

"येड पांघरू नकोस. धैर्याची! पूर्वी होती त्याहून वरची पोस्ट आहे. त्याचं री-एंट्री परमिट डिसेंबरात संपतंय. इथे नोकरी नसेल तर ते वाढवून मिळणार नाही, म्हणजे पीआर गेलं, इथे कायमचं राहणं गेलं. सदतिसाव्या वर्षी पोरगा ना इथला ना तिथला!"

"आणि तैवानहून दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आलंय, ते?"

"बॉल फेकायला शिकवायचं कॉन्ट्रॅक्ट!"

"फेकायला नाही, टाकायला."

"काय फरक आहे?"

फरक प्रबोधलाही नीट ठाऊक नव्हता. त्याने एक गरम चकली उचलली आणि हात भाजला म्हणून विषय टाळला.

खिडकीशी वेताच्या खुर्चीत नाना बसले होते. म्हणजे ज्ञानेश्वरराव, वय शहात्तर, बँकेत तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त, बायको मालती गेल्यावर मोठ्या मुलाकडे येऊन राहिलेले. ती खुर्ची त्यांनी पुण्याहून विमानाने आणवली होती आणि तिच्यात दुसरं कुणी बसलेलं त्यांना चालायचं नाही. ते बोलत नव्हते. पण निकाल त्यांचाच होता, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी चांगी एअरपोर्टवर, ट्रॉलीवर हात ठेवून, धैर्यशील म्हणाला होता, "नाना, तीन वर्षं द्या. तीन वर्षांनी तुम्ही म्हणाल ते." नाना फक्त "बरं" म्हणाले होते. दोघंही शब्दाचे पक्के, म्हणून तर पंचाईत. गेल्या आठवड्यात धैर्यशीलचा फोन आला तेव्हा त्याने कॉन्ट्रॅक्टची बातमी सांगितली आणि शेवटी म्हणाला, "दादा, सोमवारी सही करायचीय. नानांना विचार. नाही म्हणाले तर येतो मी परत. वाद घालणार नाही." त्याचा आवाज असा होता की नेहमी फोनवर चिनी भाषेत दटावणाऱ्या बाईचा आवाज काढणाऱ्या प्रबोधला त्या दिवशी एकही गंमत सुचली नाही.

"नाना," प्रबोध आता म्हणाला, "शनिवारी पाच वाजता खाली मॅच आहे धैर्याची. बघा आणि मग काय ते ठरवा."

"मला काय बघायचंय? मी खेळ सोडून पन्नास वर्षं झाली." नानांनी पेपर डाव्या हाताने उलटला. उजवा मांडीवरच होता. "विनीता म्हणते ते बरोबर आहे. बँक ती बँक."

विनीताने विजयी मुद्रेने लाडवाचा डबा उघडला. प्रणिताने सोऱ्या बाजूला ठेवला.

"नाना, भावजींचं काम अगदीच काही हे नाहीये," ती हळूच म्हणाली.

"वहिनी, तुम्ही पण?"

"मी कुणाच्या बाजूने नाही गं. मी आपली टिकल्यांच्या बाजूने."

टिकल्यांचा इतिहास असा. सहा वर्षांपूर्वी धैर्यशील कल्लांगला क्रिकेट खेळायला गेला आणि शेजारच्या मैदानावर कुठल्याशा कंपनीची जपानी माणसं बेसबॉल टाकताना बघत दोन तास उभा राहिला. स्वतःची बॅटिंग आली तेही त्याला कळलं नाही. मग बँक सांभाळून युनिव्हर्सिटीचा संध्याकाळचा कोर्स, खांदा कोपर कंबर यांची गणितं. एका रविवारी त्याने प्रणिताच्या कपाटातून टिकल्यांची तीन पाकिटं पळवली, प्रबोधला बनियनवर उभा केला, आणि मनगट, कोपर, खांदा, गुडघा, जिथे सांधा तिथे टिकली लावून त्याच्याकडून सोफ्यावर संत्री फेकून घेतली. कॅमेऱ्यात टिकली कुठून कुठे जाते ते मोजायचं. कंपन्यांची यंत्रं लाखांची, याची टिकल्यांची. पुढे शाळेच्या टीमची मुलं झाली, मग पाहुण्या तैवानी टीमचा कुणी ट्रेनर ते बघून थक्क झाला, आणि हा तिकडे व्हिडिओ कापायच्या नोकरीवर गेला. दुसऱ्या वर्षी राखीव पिचरांकडे. या वर्षी हुआलिएन हेरॉन्सचा मुख्य पिचिंग कोच. दर दोन महिन्यांनी प्रणिता लिटिल इंडियातून टिकल्या घेऊन तैवानला कुरियर करायची. लाल, मध्यम, गोल. दुकानदाराला वाटायचं हिची नणंद तिकडे नवरात्र बसवते.

आणि नाना? पुण्यातून कुणाचा फोन आला की नाना सांगायचे, "धाकटा तैवानला असतो. बँकेत."

शुक्रवारी प्रबोधने लिफ्टमध्ये नोटीस लावली. शनिवार संध्याकाळ, पाच वाजता, व्हॉइड डेक, बेसबॉल, सोबत प्रत्येकाला मोफत करी पफ. प्रणिताला ती नोटीस शनिवारी दुपारी भाजी आणायला जाताना दिसली.

"अहो! करी पफ कोण देणार आहे?"

"आपण."

"किती?"

"ब्लॉकमध्ये किती माणसं आहेत?"

पुढचा अर्धा तास ती त्याच्याशी बोलली नाही आणि ती मनाने विनीताच्या पक्षात गेली, तसं तिने विनीताला सांगितलंही. पण ऐंशी करी पफ मात्र आणले.

राहिले नाना. खाली येणार नाही म्हणजे नाही. पावणेपाचला ते बाथरूममध्ये गेले आणि परत येऊन बघतात तो खिडकीपाशी चौकोनी रिकामी जागा.

"माझी खुर्ची?"

"खाली नेली बाबांनी," इशिता म्हणाली. पंधरा वर्षांची, शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये, अर्ध्याहून जास्त इंग्रजीत बोलणारी. "गेस्ट लोकांना कमी पडतायत म्हणून. आजोबा, आय थिंक अंकल ओंग बसलेत तिच्यात."

नाना पाचला तीन मिनिटं असताना व्हॉइड डेकमध्ये हजर. पट्ट्याची पँट, इस्त्रीचा शर्ट. खुर्ची पहिल्या रांगेत मधोमध, रिकामी. त्यांनी प्रबोधकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर वितळला असता. मग ते बसले.

पडद्यावर चिनी भाषेत धावतं वर्णन, समोर चाळीसेक माणसं, करी पफांचा फडशा. अंकल ओंग भाषांतर करत होते, पण आपल्या सोयीने. वेइ-हान म्हणजे उंच, काटकुळा मुलगा. मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर उभा राहून, पाय छातीपर्यंत उचलून, असा काही बॉल सोडायचा की समोरचा बॅट फिरवून तिथेच गिरकी घ्यायचा. पहिले तीन डाव समोरच्या कीलुंगच्या टीमला काही सुचेना. चौथ्या डावात हेरॉन्सनी एक रन काढली. प्रबोध प्रत्येक बॉलला मिशीचं टोक पिळत होता.

पाचव्या डावात कॅमेरा पहिल्यांदा धैर्यशीलवर गेला. बाकावर टोपी मागे सरकवून बसलेला, मांडीवर वही, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. टरफलं थुंकली आणि परत समोर बघत बसला.

"काका!" इशिता किंचाळली. ब्लॉकने टाळ्या वाजवल्या.

"हे काम?" विनीता कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "यासाठी माझ्या साहेबांपुढे मी नाक घासतेय? नुसता बसलाय तो! थुंकतोय!"

"कोच बसलेला असला म्हणजे सगळं बरं चाललंय," प्रबोध म्हणाला. तसा त्याला आधार काही नव्हता.

नाना धैर्यशीलकडे बघतच नव्हते. ते पिचरचा हात बघत होते. प्रबोधच्या ते लक्षात आलं आणि त्याने पुढ्यातला करी पफ तसाच ठेवला.

नाना एकेकाळी पुण्यात फास्ट बोलर होते. अडुसष्ट साली एका क्लब फायनलला कॅप्टनने त्यांना एका टोकाने सलग एकतीस षटकं टाकायला लावली. खांदा अठ्ठाविसाव्यालाच गेला होता. पुढची तीन त्यांनी कशी टाकली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फायनल जिंकली, कॅप्टनचा फोटो छापून आला, आणि नानांचा उजवा हात त्या दिवसापासून खांद्याच्या वर गेला नाही. दोरीवर शर्ट डाव्या हाताने, फळीवरचा डबा डाव्या हाताने. पुढे बँक. बँकेत हात टेबलापर्यंतच न्यावा लागतो.

सहा डाव संपले. समोरच्यांना एकही फटका नीट लागलेला नव्हता.

"अंकल, एकालाही मारता आलं नाहीये की काय अजून?" प्रबोधने विचारलं.

"बाबा! डोन्ट से!" इशिताने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "पंतांग ला! बोलायचं नसतं, अपशकुन होतो. नऊच्या नऊ डाव असेच गेले तर ही विल बी फेमस."

अंकल ओंगनी हनुवटी मुठीत झाकली. प्रबोधला ते तीन केस डोळ्यांसमोर कापलेले दिसायला लागले.

सातव्या डावात वेइ-हानचे बॉल भलतीकडे जायला लागले. पहिला बॅट्समन फुकटात बेसवर गेला. दुसराही. धैर्यशील उठला. बाकावर वही ठेवून, खिशात हात घालून तो आरामात उंचवट्याकडे चालत गेला, पोराच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला, पोरगा हसला, आणि हा परत आला.

"काय म्हणाला?" नानांनी विचारलं. मॅच सुरू झाल्यापासून पहिल्यांदा बोलले.

"धीर दिला असेल," प्रबोध म्हणाला.

"ही ऑल्सो वेन्ट टु सी," इशिता म्हणाली. "जवळून बघायला गेला होता. पण आता काका परत जाऊ शकत नाही हां, आजोबा. म्हणजे शकतो, पण त्याच इनिंगमध्ये कोच दुसऱ्यांदा गेला की पिचरला बाहेर काढावंच लागतं. रूल आहे."

प्रबोधचा हात मिशीवर होता तिथेच थिजला. त्याने वळून अंकल ओंगकडे बघितलं. म्हातारा पडद्याकडे बघत निरागसपणे केस कुरवाळत होता.

"अंकल, हा नियम तुम्हाला ठाऊक होता?"

"कुठला नियम?"

"आयला!"

पडद्यावर वेइ-हानने बॉल टाकला. मग दुसरा. मग तिसरा, आणि बॅट्समन पार चुकला, बाद. स्टेडियम नुसतं फुटलं. व्हॉइड डेकमध्ये अख्खा ब्लॉक उभा राहिला, अर्धा प्यालेला कोपी, म्हणजे इथली कॉफी, कुणाच्या तरी अंगावर सांडला, विनीतासुद्धा टाळ्या वाजवून मग आपल्या हातांकडे बघायला लागली. प्रबोध खुर्चीवर चढला. वाचली! मिशी वाचली!

"कोपर पडलंय," नाना म्हणाले.

"काय?"

"पोराचं कोपर खाली आलंय. विकेट मिळाली म्हणून कुणाला दिसणार नाही. आधीच्या बॉललाही आलं होतं." ते खुर्चीच्या हातावर डावा हात रेटून उठायला लागले होते. "खांदा संपला की हात असाच चोरतो माणूस. काढा त्याला. अरे, कुणीतरी काढा त्याला!"

पडद्यावर, जल्लोषात, धैर्यशील बाकावरून उठला.

या वेळी खिशात हात नव्हते. तो सरळ, भराभर चालत निघाला. मैदानाची रेषा ओलांडली, म्हणजे दुसरी फेरी झाली. वीस हजारांचा जल्लोष आधी विरला, मग कळलं तसा ओरडा सुरू झाला. अंकल ओंग भाषांतर करायचे थांबले; ओरड कुठल्याच भाषेत सांगायला लागत नव्हती. वेइ-हान मान हलवत होता, नाही, नाही म्हणत होता, बॉल छातीशी धरून उभा होता. धैर्यशीलने हात पुढे केला आणि तसाच ठेवला. फार वेळ. शेवटी पोराने बॉल त्याच्या तळहातावर ठेवला. धैर्यशीलने त्या पोराचं उजवं कोपर, जिथे सरावाच्या वेळी लाल टिकली असायची तिथे, दोन बोटांनी अलगद धरलं आणि त्याला चालवत बाहेर आणलं. वरून बाटल्या पडत होत्या. पोराला आड ठेवून तो बाटल्यांच्या बाजूने चालत होता.

"माझ्या टिकल्या," प्रणिता एकदम म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. तिच्या अंगात पंजाबी ड्रेस होता. ओढणीचा पदर झाला होता.

नवीन पिचरच्या दुसऱ्याच बॉलला सणसणीत फटका बसला. दोन रन गेल्या. एक विरुद्ध दोन. पुढचे दोन डाव काही घडलं नाही, आणि हुआलिएन हेरॉन्स सीझनची शेवटची मॅच हरले.

ब्लॉकमधली माणसं हळूहळू पांगली. अंकल ओंग मात्र बसून होते, विजयाने फुगलेले. विनीताने पर्स उचलली.

"बघितलंस दादा? हातातली मॅच घालवली. तिकडचे लोक बाटल्या मारतायत. आता तरी सांग त्याला."

"विनी, थांब जरा."

"काय थांब? तीन वर्षं झाली! नाना, तुम्हीच सांगा, मी साहेबांना काय—"

इशिताचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. तिने तो आजोबांसमोर धरला. पडद्यावर धैर्यशील, टोपी नाही, केस घामाने चिकटलेले, पाठीमागे रिकामा बाक आणि टरफलांचा सडा.

"नाना, तुम्ही बघत होतात?" तो दचकलाच. "हरलो."

"कितव्या बॉलला दिसलं तुला?"

"अं?"

"कोपर. कितव्या बॉलला दिसलं?"

धैर्यशीलने कपाळावरचे केस मागे सारले. "शेवटच्या आधीच्या. पण खात्री नव्हती. शेवटच्याला झाली."

"मला आधीच्यालाच खात्री झाली होती," नाना म्हणाले. "एक बॉल उशीर केलास."

"हो नाना."

"पोरगा काय म्हणतो?"

"बोलत नाहीये माझ्याशी. रडतोय. एमआरआय आहे उद्या. पण हात वर जातोय त्याचा. मी बघितलं."

"वर जातोय?"

"पूर्ण."

नानांनी फोन इशिताच्या हातातून डाव्या हातात घेतला आणि जवळ आणला, इतका की पलीकडे फक्त नाक दिसत असणार.

"धैर्या, माझ्यासाठी कुणी उठून आलं नव्हतं रे." मग घसा साफ करून, बँकेतल्या आवाजात, "सोमवारी सही कर. पेन चांगलं वापर."

पलीकडे धैर्यशीलच्या हातातली टोपी तोंडावर गेलेली दिसली.

"आणि विनीता," फोन तसाच धरून नाना म्हणाले, "तुझ्या साहेबांना म्हणावं आभारी आहे. खुर्ची देऊन टाका. आमच्याकडचा माणूस उभ्याने काम करतो."

विनीता पर्स धरून उभीच होती. परमिट म्हणाली, पीआर म्हणाली, आणि मग बाकावर बसून तिने उरलेला एक करी पफ उचलला.

"मराठी मंडळात काय सांगायचं मी? मी सगळ्यांना बँक म्हणून सांगितलंय!"

"मी तर पुण्यात सांगितलंय," नाना म्हणाले. "माझं निस्तरलं की तुझं बघू."

पलीकडून हसू आलं. "दादा आहे का तिथे? आवाज नाही त्याचा."

"आहे," प्रणिता म्हणाली. "मिशीला निरोप देतोय."

रविवारी सकाळी नऊला तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये बसायला जागा नव्हती. अंकल ओंगनी सगळ्या स्टॉलवाल्यांना कळवलं होतं. प्रबोधने एक शेवटचा डाव टाकून बघितला. तो पांढरा रुमाल तोंडाला बांधून आला, सर्दी झाली म्हणून. इशिताने मागून गाठ सोडली.

"बस," अंकल ओंगनी लाल प्लास्टिकचं स्टूल सरकवलं. साबण, ब्रश, वस्तरा, सगळं मांडून ठेवलं होतं. त्यांनी वस्तरा उचलला.

"तो मला द्या," नाना म्हणाले.

"नाना, तुम्ही? तुमचा हात—"

"म्हणून तर तू खाली बस. स्टूल नको. जमिनीवर."

एकावन्न वर्षांचा मॅनेजर कोपीच्या टेबलांमध्ये मांडी घालून बसला. नानांनी स्टूल घेतलं, उजव्या हाताने वस्तरा धरला. तो हात टेबलाच्या उंचीवर होता आणि जराही थरथरत नव्हता. प्रबोधच्या तोंडाला फेस लागला. चाळीसपन्नास मोबाईल वर झाले. वस्तऱ्याचा पहिला हात फिरला आणि मिशीचा डावा अर्धा, वळलेल्या टोकासकट, नानांच्या रुमालावर पडला. सेंटरमध्ये आरोळी उठली.

"काय पैज होती?" शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी इंग्रजीत विचारलं. "कशावर हरला हा?"

नानांचा वस्तरा थांबला. पन्नास वर्षांत ते अनोळखी माणसाशी इंग्रजीत ‘नेक्स्ट काउंटर’पेक्षा जास्त बोलले नव्हते. ते वस्तऱ्यासकट उठून उभे राहिले.

"माय यंगर सन," ते म्हणाले. मोठ्याने. मागच्या नूडलवाल्याला ऐकू जाईल असं. "पिचिंग कोच. प्रोफेशनल. तैवान."

"आह! पिचिंग कोच काय करतो?"

"योग्य वेळी उठून जातो," नाना मराठीतच म्हणाले, आणि इशिताकडे बोट केलं, "सांग यांना."

तिने सांगितलं. पण त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. मग ते स्वतःच सातव्या डावापासून सुरू झाले. पहिली फेरी, दुसरी फेरी, कोपर इथे होतं ते इथे आलं. आणि कोपर दाखवायला वस्तऱ्याचा हात जाईल तिथपर्यंत, खांद्यापर्यंत वर गेला. लोक खुर्च्या ओढून जवळ आले. कुणीतरी त्यांच्यासाठी कोपी आणला. अंकल ओंग पंच असल्यासारखे मान डोलवत होते, केस कुरवाळत.

"नाना," जमिनीवरून फेसातून आवाज आला, "उजवी बाजू राहिलीय."

"हलू नकोस," नाना म्हणाले. "अजून आठवा डाव आहे."